उलटा फोटो, उठावाची अक्षरे

प्रश्न : तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरातला भोसले घराण्याच्या इतिहासाचा मराठी शिलालेख पाहून आलो. अक्षरे दगडात खोल कोरलेली आहेत. घरी मोबाइलवर फोटो उलटा झाला, तर तीच अक्षरे दगडातून वर उठलेली दिसू लागली. सरळ केला की पुन्हा खोल. फोटो तोच, डोळे तेच. मग बदलते काय?
– एक वाचक, मैलापूर, चेन्नई

उत्तर : बदलते ते सावलीचे स्थान, आणि त्यावरून मेंदू लावतो तो अर्थ. खोल कोरलेल्या अक्षरावर वरून उजेड पडला, की त्याच्या वरच्या कडेला सावली येते आणि खालची कड उजळते. फोटो उलटा केला की उजळ कड वर जाते. उजेड खालून येतोय असे मेंदू सहसा मानत नाही. वरून उजेड आणि वरची कड उजळ, म्हणजे भाग उठावाचा, असा हिशेब तो क्षणात उरकतो.

या हिशेबाचा सुरेख अभ्यास तुमच्याच शहरात डॉक्टर झालेल्या माणसाने केला आहे. विलायनूर रामचंद्रन यांनी मद्रासच्या स्टॅनले वैद्यकीय महाविद्यालयातून एमबीबीएस केले, पुढे केंब्रिजला पीएचडी केली आणि कॅलिफोर्नियात संशोधन केले. 1988 साली ‘नेचर’मध्ये त्यांनी छटांवरून आकार कसा ओळखला जातो यावर निबंध लिहिला. राखाडी पडद्यावर काही गोल, वरून उजळ आणि खाली गडद; काही नेमके उलट. पहिले फुगीर दिसतात, दुसरे खळग्यासारखे. रामचंद्रन यांनी दाखवले की मेंदू दोन गोष्टी गृहीत धरतो : चित्रातला उजेड एकाच ठिकाणाहून येतो, आणि तो वरून येतो.

इथवर फारसा वाद नाही. वाद आहे तो यातून दृष्टीविषयी काय सिद्ध होते, यावर.

जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी 1860च्या दशकात मांडले की डोळ्यांकडून मेंदूला मिळणारी माहिती अपुरी असते; उरलेले मेंदू नकळत अनुमानाने भरतो. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ रिचर्ड ग्रेगरी यांनी हाच विचार पुढे नेला. त्यांच्या मते, आपल्याला जे दिसते तो मेंदूचा एक तर्क असतो. अंधारात दोरी साप वाटते, हे आपल्याकडचे जुने उदाहरण त्यांना चालले असते. तुमचा फोटोही त्यांच्याच बाजूचा पुरावा.

अमेरिकेचे जेम्स गिब्सन यांना मात्र हे मान्य नव्हते. दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांच्या दृष्टीवर काम करताना त्यांनी पाहिले, की विमान उतरताना समोरचे दृश्य विशिष्ट पद्धतीने पसरत जाते आणि त्या पसरण्यातच दिशा, अंतर, वेग यांची माहिती असते. मग तर्क कशाला? ते तुम्हाला विचारतील : मंदिरात उभे असताना अक्षरे एकदा तरी उठावाची दिसली का? नाही, कारण तिथे तुम्ही चालत होता, मान हलवत होता, दोन डोळ्यांनी पाहत होता. फोटोने हे सगळे काढून घेतले. उपाशी डोळ्यावर प्रयोग करून दृष्टीचे नियम ठरवू नका, हा गिब्सन यांचा आक्षेप.

डेव्हिड मार यांनी तिसरी वाट काढली. त्यांचे ‘व्हिजन’ हे पुस्तक 1982 साली, त्यांच्या मृत्यूनंतर आले. दृष्टी म्हणजे गणना. आधी ती कोणते गणित सोडवते ते सांगा, मेंदूतली यंत्रणा नंतर, असे ते म्हणत. केवळ छटांवरून आकार काढायच्या गणिताला एकाहून अधिक उत्तरे येतात, म्हणून काही अटी आधीच घालाव्या लागतात. ‘उजेड वरून’ ही तशीच एक अट.

रामचंद्रन यांना इतकी शिस्तही मान्य नाही. त्यांच्या मते दृष्टी म्हणजे उत्क्रांतीने लाखो वर्षांत जमवलेल्या कामचलाऊ युक्त्यांचे गाठोडे. पुरावा नामी आहे : मेंदूचे ‘वर’ आकाशाकडचे नसते, डोक्याच्या टाळूकडचे असते. डोके उलटे केले की सूर्य कुठे आहे हे ठाऊक असूनही फुगीर गोल खोल दिसतात. विचारपूर्वक तर्क करणारा अशी चूक करणार नाही. झटपट युक्ती वापरणारा करेल.

पण ज्ञान अगदीच निरुपयोगी नसते. मुखवटा आतल्या, खोलगट बाजूने पाहिला तरी नाक पुढे आलेलेच दिसते, हे ग्रेगरी यांचे आवडते उदाहरण. चेहऱ्याची सवय तिथे सावलीच्या नियमालाही हरवते.

मग खरे कोण? 1992 साली गुडेल आणि मिल्नर यांनी मांडले की मेंदूत दृष्टीचे दोन मार्ग आहेत : एक वस्तू ओळखण्यासाठी, दुसरा हालचाल सांभाळण्यासाठी. ते धरले तर भांडण बरेचसे मिटते. ओळखण्याच्या कामात हेल्महोल्ट्झ यांचे अनुमान चालते, चालण्या-वळण्यात गिब्सन यांचे म्हणणे पटते. तुमच्या फोटोपुरता निकाल मात्र रामचंद्रन यांच्या बाजूने.

पडताळा घरीच घ्या. फोटो सरळ ठेवा आणि पाठ फिरवून, वाकून, दोन पायांमधून पाहा. अक्षरे वर उठलेली दिसायला हवीत. चेहरा असलेले शिल्प मात्र या प्रयोगाला निवडू नका, आणि रक्तदाबाचा त्रास असेल तर फोटोच उलटा केलेला बरा.