धुळाक्षरे

पूर्वी मूल पाच वर्षांचे झाले, की चांगला दिवस पाहून त्याला पंतोजींच्या शाळेत बसवीत. त्याच्यापुढे लाकडी पाटी ठेवून तिच्यावर बारीक धूळ पसरीत. पंतोजी मुलाचे बोट आपल्या हाती धरीत आणि त्या धुळीत त्याच्याकडून ‘श्रीगणेशाय नमः’ ही अक्षरे काढून घेत. हीच धूळपाटी, आणि तिच्यावर उमटणारी ती धुळाक्षरे. पुढे धुळीच्या जागी दगडी पाटी आली, बोरूच्या जागी टाक आला. परंतु कोणत्याही विद्येच्या प्रारंभाला ‘धुळाक्षरे गिरविणे’ म्हणण्याची रीत भाषेत तशीच राहिली.

धूळपाटीच्या अंगी एक मोठा गुण होता. अक्षर चुकले तर ते तळहाताने पुसून टाकता येई. चुकीची खूण मागे उरत नसे. दोष होता तो शिकविण्याच्या पद्धतीत. अर्थ न समजता तीच अक्षरे दिवसचे दिवस गिरवावी लागत, आणि हात वळला नाही, तर छडी नेमकी त्याच हातावर बसे. लिहिण्याची गोडी लागण्यापूर्वीच कित्येक मुलांच्या मनात लिहिण्याचे भय शिरे.

वस्तुतः हात न वळणे हा मुलाचा अपराध नव्हे. माणसाच्या मनगटात आठ लहान हाडे असतात. सहा वर्षांच्या मुलाच्या मनगटात ती सर्व पुरती तयार झालेली नसतात. बोटांचे स्नायूही कोवळे असतात. म्हणून जाणता शिक्षक पेन्सिलीची घाई करीत नाही. ओली माती मळणे, चिंचोके वेचणे, फुले ओवणे, रांगोळीचे ठिपके घालणे, हे सारे खेळच. परंतु त्या खेळांतूनच लिहिणारा हात घडत असतो.

मग अक्षरांची पाळी येते. वर्णमालेत ‘अ’ पहिला खरा, पण त्याचे वळण लहान हाताला अवघड. म्हणून मराठी शाळांतून ‘ग म भ न’ या अक्षरांनी आरंभ करण्याची प्रथा पडली. या चारही अक्षरांत उजवीकडे उभी रेघ व डावीकडे लहानशी गाठ आहे. एका अक्षरावर हात बसला, की दुसरे ओळखीचे वाटू लागते. शिवाय एवढ्याच चार अक्षरांतून ‘मन’, ‘नभ’, ‘गगन’, ‘नमन’ असे शब्द तयार होतात, आणि आपण काढलेल्या रेघांना अर्थ आहे, हे मुलाला कळते.

सन १९०७ मध्ये मारिया माँटेसरी यांनी रोम शहरातील गरिबांच्या वस्तीत बालकांसाठी शाळा उघडली. तेथे खरखरीत कागदाची अक्षरे कापून ती पुठ्ठ्यांवर चिकटविलेली असत. मुले त्यांवरून बोट फिरवीत आणि त्या अक्षराचा ध्वनी उच्चारीत. एके दिवशी गच्चीवर बसलेल्या एका पाच वर्षांच्या मुलाला बाईंनी धुराड्याचे चित्र काढावयास सांगितले. त्याने ते फरशीवर खडूने काढले. बाईंनी कौतुक करताच तो क्षणभर थांबला, आणि आपल्याला लिहिता येते, असे आनंदाने ओरडून त्याने शेजारीच ‘हात’ हा शब्द लिहिला! त्यामागून ‘धुराडे’ आणि ‘छप्पर’ हे शब्द उमटले. बोटांनी आधीच शिकून ठेवलेले अक्षर आपोआप बाहेर आले होते.

हा विचार महाराष्ट्राच्या खेड्यांत नेला ताराबाई मोडक यांनी. भावनगर येथे गिजुभाई बधेका यांच्यासह काम केल्यावर त्यांनी १९४५ साली समुद्रकाठच्या बोर्डी गावी बालशिक्षणाचे केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या साथीला होत्या. १९५७ मध्ये हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर, आदिवासी वस्तीत गेले. तेथे महागडी साधने कोठून आणावयाची? शिंपले, खडे, बिया आणि पाने हीच साधने झाली. जी मुले शाळेत येऊ शकत नव्हती, त्यांच्याकडे शाळा गेली. वस्तीच्या अंगणात अंगणवाडी भरली आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा भरली. ज्या वारली घरांतील स्त्रिया तांदळाच्या पिठाने भिंतीवर सुरेख चित्रे रेखाटतात, त्या घरांतील मुलांच्या बोटांत कला नाही, असे कोण म्हणेल? उणीव होती ती संधीची.

लिहावयास शिकणे म्हणजे केवळ कित्त्याबरहुकूम अक्षर काढणे नव्हे. मनातले दुसऱ्याला सांगता येणे, हा त्याचा खरा हेतू. एखादे मूल पाटीवर ‘माझि गाय व्याली’ असे लिहून धावत येते. अशा वेळी ‘झि’ ऱ्हस्व की दीर्घ, हे प्रथम न विचारता जो शिक्षक वासराचा रंग विचारतो, त्याच्या वर्गात मुले निर्भयपणे लिहू लागतात. वेलांटी नंतरही सुधारता येते. धूळपाटीने हेच तर शिकविले होते: चूक तळहाताने पुसावी, आणि त्याच जागी पुन्हा लिहावे.