त्रिपिटकाच्या फायली आणि संगणकाची स्मृती

बुद्धवचन ग्रंथबद्ध होण्यापूर्वी भिक्खुसंघाने ते पाठांतराने जपले. दीघभाणक, मज्झिमभाणक अशा परंपरांनी एकेक निकाय मुखोद्गत ठेवला. आज इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाने छट्ठ संगायनाचे पाली त्रिपिटक एक्सएमएल स्वरूपात उपलब्ध केले आहे. त्याच्या फायली दोनशेहून अधिक आहेत.

समजा, ‘अप्पमाद’ हा शब्द कोणत्या ग्रंथात किती वेळा येतो, याची सूची करावयाची आहे. एक्सएसएलटी या रूपांतरण-भाषेत एकामागून एक फाईल उघडता येते. परंतु काम जसजसे पुढे सरकते, तसतशी संगणकाची स्मृती भरत जाते. कमी स्मृतीच्या संगणकावर काम अर्धवट थांबूही शकते.

याचे कारण भाषेच्या नियमातच आहे. एकाच रूपांतरात तीच फाईल पुन्हा मागितली, तर तोच दस्तऐवज मिळाला पाहिजे, असा दंडक १९९९ च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे. पुढे ती कधी लागेल हे ठाऊक नसल्याने प्रोसेसर वाचलेली प्रत्येक फाईल शेवटपर्यंत बाळगतो. शिवाय स्मृतीत तिचा शाखायुक्त वृक्ष तयार होतो आणि तो मूळ फाईलपेक्षा अधिक जागा व्यापतो.

यावर तीन उपाय आहेत. पहिला भाणकांचाच: प्रत्येक ग्रंथासाठी स्वतंत्र रूपांतर चालवावे आणि शेवटी लहान लहान उत्तरे एकत्र करावीत. दुसरा, सॅक्सन या प्रोसेसरमधील ‘डिस्कार्ड-डॉक्युमेंट’ हे फंक्शन वापरून काम झालेला दस्तऐवज साठ्यातून वगळावा. मात्र त्यातील एखादा घटक जरी चलात धरून ठेवला, तरी त्याला जोडलेला संपूर्ण वृक्ष स्मृतीत राहतो. म्हणून घटक न ठेवता केवळ त्यातून काढलेली संख्या वा मजकूर ठेवावा. तिसरा उपाय २०१७ च्या ३.० आवृत्तीतील प्रवाही वाचनाचा. यात फाईल आरंभापासून अंतापर्यंत क्रमाने वाचली जाते, वृक्ष उभारला जात नाही. पण मागे वळून पाहण्याची मुभाही राहत नाही. मोजणीसाठी हे पुरेसे आहे. दूरच्या दोन परिच्छेदांची तुलना करावयाची असल्यास पहिला मार्ग सोयीचा.

धम्मग्रंथांच्या अभ्यासासाठी महागडे यंत्र हवेच असे नाही. काय जवळ ठेवावे आणि काय सोडून द्यावे, हे कळले की वसतिगृहातील जुना संगणकही हे काम पार पाडू शकेल. संगणकक्षेत्रात स्थिरावलेल्या आपल्या माजी विद्यार्थ्यांनी अशी एखादी सूची सिद्ध करून शाळेच्या ग्रंथालयास द्यावी.