कर्नेलची नवी आवृत्ती आणि लॅपटॉपची वीजबचत

दिल्लीची विजेची कमाल मागणी १९ जून २०२४ रोजी ८,६५६ मेगावॉटवर पोहोचली. अशा महानगरात वीजबचतीचा विचार वातानुकूलन यंत्रांपासून सुरू होणे स्वाभाविक आहे. तथापि शासकीय कार्यालयांतील लॅपटॉपही त्यातून वगळता येणार नाहीत. ऊर्जा संवर्धन कायदा, २००१ अन्वये १ मार्च २००२ रोजी स्थापन झालेल्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने तारांकनाच्या ऐच्छिक योजनेत लॅपटॉपचा समावेश केला, तो याच कारणासाठी. परंतु तारांकन पाहते ते यंत्र. पुढील अनेक वर्षांचा वीजवापर मोठ्या प्रमाणावर आज्ञावली ठरविते.

प्रोसेसर काम करीत असताना त्याला लागणारी शक्ती वारंवारितेच्या आणि विद्युतदाबाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. दोन्ही २० टक्क्यांनी घटविल्यास शक्ती सुमारे ५१ टक्क्यांवर येते. कामास २५ टक्के अधिक वेळ लागला, तरी त्या कामाची ऊर्जा सुमारे ६४ टक्केच राहते. काम नसताना प्रोसेसरला निद्रावस्थेत नेऊनही बचत होते. हे निर्णय संगणक प्रणालीचा गाभा, म्हणजेच कर्नेल, घेत असतो.

हा गाभा बदलला की बचतीचे गणितही बदलू शकते. मार्च २०११ मधील लिनक्स कर्नेल २.६.३८ नंतर अनेक लॅपटॉपची बॅटरी लवकर संपू लागली. प्रोसेसर व अन्य घटक यांना जोडणाऱ्या पीसीआय एक्सप्रेस मार्गाची वीजबचत, काही यंत्रांच्या बायोसमधील नोंदीमुळे, नवे कर्नेल पूर्णपणे बंद करीत होते. मॅथ्यू गॅरेट यांनी केलेली दुरुस्ती फेब्रुवारी २०१२ मध्ये ३.२.५ या आवृत्तीत आली. सुमारे अकरा महिने यंत्रे तीच होती. वाढला तो केवळ वीजवापर.

केंद्र सरकारने २०१५ मध्ये मुक्तस्रोत आज्ञावलीचे धोरण जाहीर केले आणि २०२३ मध्ये संरक्षण मंत्रालयाने उबंटूवर आधारित 'माया' प्रणालीकडे वळण्याचे ठरविले. त्यामुळे हा धडा दिल्लीतील कार्यालयांनाही उपयुक्त आहे. समजा, एखाद्या विभागात १,००० लॅपटॉप आहेत आणि अद्ययावतीकरणानंतर प्रत्येकी ५ वॉट अधिक लागतात. दररोज ८ तास व वर्षाला २५० दिवस धरल्यास १०,००० युनिटचा जादा भार पडेल. आवृत्ती बदलणारा तंत्रज्ञ हे देयक पाहत नाही आणि देयक भरणाऱ्या शाखेस आवृत्ती बदलल्याचे ठाऊक नसते. खर्च आणि निर्णय यांची ही फारकत हाच मूळ प्रश्न होय.

सुरक्षेच्या दृष्टीने अद्ययावतीकरण टाळणे इष्ट नाही. मात्र प्रत्येक प्रकारच्या एका लॅपटॉपवर आधी व नंतर वीजवापर मोजणे, आणि जुने कर्नेल तात्पुरते हाताशी ठेवणे, यास फारसा खर्च येत नाही. खरेदीच्या वेळी मिळविलेली कार्यक्षमता पुढे टिकवावयाची असेल, तर मोजमापही पुढे चालू ठेवले पाहिजे.