ड्रोन एका जागी ठरेना? बोर्ड बदलण्याआधी हे तपासा

ड्रोन हवेत सोडला की तो कधी हातभर वर सरकतो, कधी धपकन खाली बसतो. मोबाइलवर उंची १२ मीटर दिसते आणि ड्रोन मात्र दुसऱ्या मजल्याच्या खिडकीशी असतो. अशा वेळी बहुतेक जण थेट दुकान गाठतात आणि ‘सेन्सर गेलाय, बोर्ड बदलावा लागेल’ हे ऐकून परततात. बोर्ड खराब होतोही, पण तपासण्याच्या यादीत त्याचा नंबर शेवटचा. त्याआधीची बरीच कारणे फुकटात किंवा हजाराच्या आत निस्तरता येतात. म्हणून स्वस्तापासून महागाकडे, याच क्रमाने तपासायचे.

उंची मोजतो कोण?

कॅमेरा असलेल्या साध्या ड्रोनमध्ये उंचीसाठी तीन साधने असू शकतात. पहिले बॅरोमीटर. मसुराच्या दाण्याएवढी ही चिप हवेचा दाब मोजते. समुद्रसपाटीजवळ साधारण ८ मीटर वर गेले की दाब १ हेक्टोपास्कलने उतरतो, आणि एवढ्याशा फरकावरून ती उंची काढते. साहजिकच दाब दुसऱ्या कशामुळे हलला तरी तिला उंची बदलल्यासारखेच वाटते. ताशी ३६ किलोमीटरचा वारा थेट चिपवर आदळला, तर हिशेब पाच मीटरपर्यंत चुकू शकतो. वेगाने पुढे जाऊन एकदम थांबवल्यावर ड्रोन खाली-वर होतो, तो बहुधा यामुळेच.

दुसरे साधन म्हणजे पोटाखालचा कॅमेरा आणि इन्फ्रारेड सेन्सर. जमिनीपासून काही मीटरपर्यंत हे उत्तम काम करतात, पण त्यांना खाली काहीतरी नक्षी, खडबडीतपणा दिसावा लागतो. गुळगुळीत पांढरी फरशी, हलते पाणी किंवा संधिप्रकाश असला की ते गोंधळतात. तिसरे जीपीएस. जागा धरून ठेवायला ते चांगले, पण उंचीच्या बाबतीत त्याची चूक आडव्या चुकीपेक्षा जास्त असते.

एक गैरसमजही दूर करायला हवा. पडद्यावर दिसणारी उंची सहसा जिथून उड्डाण केले त्या जागेपासूनची असते, ड्रोनखालच्या जमिनीपासूनची नव्हे. घाटमाथ्यावरून उडवून दरीवर नेला की पडदा २० मीटर म्हणतो, खाली मात्र दोनशे मीटर पोकळी असते. पायथ्यावरून चढाकडे नेताना याच्या उलट होते, आणि ड्रोन झाडांत अडकतात ते तिथेच. अशा वेळी आकडा चुकलेला नसतो, आपण त्याचा अर्थ चुकीचा लावलेला असतो. ड्रोन नियम २०२१ मधली ग्रीन झोनची (परवानगी न घेता उडवता येते त्या क्षेत्राची) ४०० फुटांची, म्हणजे १२० मीटरची मर्यादा जमिनीपासून मोजतात, हेही इथेच लक्षात घ्यावे.

लक्षणावरून रोग

- जागा न सोडता वर-खाली होतो: बॅरोमीटरवर वारा किंवा ऊन, नाहीतर पंख्यांचा थरथराट.
- मोठमोठे गोल घेत भरकटतो: कंपास.
- कायम एकाच बाजूला ओढला जातो: आयएमयू, म्हणजे तोल सांभाळणाऱ्या सेन्सरचे कॅलिब्रेशन, किंवा वाकलेला पंखा.
- बाहेर ठीक, घरात बेभान: जीपीएस मिळत नाही, शिवाय छताचा पंखा चालू.
- तलावावर किंवा विहिरीवरच बिघडतो: पोटाखालचे सेन्सर. ड्रोनमध्ये दोष नाही, पाण्यापासून काही मीटर वरच ठेवा.

शून्य रुपयांचे उपाय

सुरुवात एका साध्या चाचणीने करा. बंद खोलीत पंखा आणि एसी बंद करून ड्रोन जमिनीवर ठेवा. मोटर सुरू न करता फक्त चालू करा आणि दोन-तीन मिनिटे गरम होऊ द्या. अॅपमध्ये उंची दिसत असेल तर आता दहा मिनिटे तिच्यावर लक्ष ठेवा. अर्ध्या-एक मीटरची हालचाल चालते. आकडा आपोआप चार-पाच मीटर सरकत असेल तर बॅरोमीटरवर संशय घ्यायला जागा आहे. मग ड्रोन उचलून टेबलावर ठेवा. पाऊण मीटरची वाढ ढोबळमानाने दिसली, तर चिप जिवंत आहे. शेवटी खोलीचे दार जोरात लावून पाहा. आकडा क्षणभर उडी मारतो, म्हणजे वाऱ्यातही काय होत असेल याचा अंदाज येतो.

सकाळी १० च्या सुमारास चालू केलेला ड्रोन दुपारी ४ पर्यंत तसाच ठेवला तर आकडा वीस-पंचवीस मीटरने सरकलेला दिसू शकतो. आपल्याकडे त्या दोन वेळांमध्ये हवेचा दाब रोजच दोन-तीन हेक्टोपास्कलने उतरतो. म्हणून प्रत्येक उड्डाणाआधी ड्रोन नव्याने चालू करावा. वळवाचे ढग भरून आले असतील तर दाब मिनिटांत बदलतो, तेव्हा उडवूच नये.

नंतर आयएमयूचे कॅलिब्रेशन. पद्धत पुस्तिकेत असते. जीपीएस नसलेल्या स्वस्त ड्रोनमध्ये बहुधा रिमोटच्या दोन्ही दांड्या एका कोपऱ्यात धरल्या की दिवे लुकलुकतात. खरी गोम जागेत असते. स्वयंपाकघराचा ओटा सिंककडे उतरता असतो, आणि गच्चीला पाणी जायला उतार दिलेला असतो. मोबाइलवरच्या लेव्हलने तपासून सपाट टेबल निवडा आणि ड्रोन थंड असताना कॅलिब्रेशन करा.

कंपाससाठी तर गच्ची दुहेरी वाईट, कारण स्लॅबमध्ये लोखंडी सळ्या असतात. मोकळ्या मैदानात जा. गाडी, विजेचा खांब आणि खिशातला मोबाइलसुद्धा लांब ठेवा. अॅपने मागितले किंवा ड्रोन गोल फिरू लागला तरच कंपास कॅलिब्रेट करा. प्रत्येक वेळी करण्याची गरज नाही. जीपीएसचे उपग्रह पुरेसे मिळून ‘होम पॉइंट’, म्हणजे परत येण्याची जागा, नोंदली गेल्याचा संदेश येईपर्यंत उड्डाण करू नका.

पोटाखालच्या काचा मऊ कापडाने पुसा. मिरवणुकीतला गुलाल आणि शेतातली धूळ तिथे हमखास बसते.

हजाराच्या आत

पंख्याच्या कडेवरून नख फिरवा. कुठेही अडकले तर तो पंखा बदला, डोळ्यांना तडा दिसत नसला तरी. बारीक टवका उडालेल्या पंख्याने सगळा सांगाडा थरथरतो, सेन्सरला ती थरथर हालचाल वाटते आणि उंची डोलू लागते. पंखे जोडीने बदला आणि खुणेचे पंखे खुणेच्याच मोटरवर बसवा.

पंखे काढून प्रत्येक मोटर बोटाने फिरवा. खरखर जाणवली तर आत वाळू आहे. कोकण किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूत लोहयुक्त खनिजे असतात, ती मोटरच्या चुंबकाला चिकटून बसतात. ब्रश आणि फुंकणीने बरीचशी निघते. किनाऱ्यावर उडवणाऱ्यांनी लँडिंग पॅड घेतलेलाच बरा.

ड्रोन स्वतः जोडलेला असेल तर बॅरोमीटरवर सच्छिद्र फोमचा तुकडा लावा. हवा आत जायला हवी, झोत आणि ऊन नको. छिद्र टेपने बंद करू नका. उघड्या चिपवर थेट ऊन पडले तरी आकडा उडतो.

खर्चाचा अंदाज

आकडे ढोबळ आहेत. मॉडेल आणि गावाप्रमाणे बदलतील, म्हणून दोन दुकानांत विचारा.

- कॅलिब्रेशन, सफाई: ० रुपये
- फोम: ५० रुपयांच्या आत
- पंख्यांचा संच: खेळण्यातल्या ड्रोनसाठी १०० ते ३००, जीपीएस असलेल्यासाठी ५०० ते १,५०० रुपये
- लँडिंग पॅड: ५०० ते १,००० रुपये
- सुटे बॅरोमीटर मॉड्यूल: १०० ते ३०० रुपये
- दुकानातली तपासणी: ३०० ते १,००० रुपये
- मोटर किंवा ड्रोनचा हात, मजुरीसह: १,५०० ते ४,००० रुपये
- पोटाखालचे सेन्सर: २,००० ते ५,००० रुपये
- मुख्य बोर्ड: ८,००० ते २५,००० रुपये

सुटे बॅरोमीटर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत मिळते, पण ते स्वतः जोडलेल्या ड्रोनलाच कामाचे. तयार ड्रोनमध्ये ही चिप बोर्डावरच डकवलेली असते. बारीक सोल्डरिंग करणारा कारागीर मिळाला तर ती एकटी बदलता येते, नाहीतर अख्खा बोर्ड घ्यावा लागतो.

दुकानात देताना

बिघाडाचा व्हिडिओ काढा, त्यात मोबाइलचा पडदाही येऊ द्या. सीरियल नंबर टिपून ठेवा, मेमरी कार्ड काढून घ्या. ‘कोणता सेन्सर, कशावरून?’ असे विचारा. उड्डाणाची नोंद न उघडता बोर्डाचे नाव घेणाऱ्याकडून ड्रोन परत घ्या. तपासणीची फी, सुटा भाग नवा की काढलेला, आणि दुरुस्तीची हमी किती दिवसांची, हे पावतीवर लिहून घ्या. बदललेला जुना भाग मागून घ्या.

परदेशी बनावटीच्या तयार ड्रोनची आयात ९ फेब्रुवारी २०२२ पासून, काही अपवाद सोडून, बंद आहे. सुट्या भागांवर ती बंदी नाही. तयार ड्रोनवरच्या बंदीमुळे बाजारात दिसणाऱ्या अनेक परदेशी ड्रोनमागे कंपनीची इथली वॉरंटी नसते, फक्त दुकानदाराचा शब्द असतो. खरेदी करतानाच वॉरंटी कोण देणार ते विचारा आणि जीएसटीचे बिल घ्या.

कधी थांबायचे?

दुरुस्तीचा खर्च तशाच ड्रोनच्या आजच्या किमतीच्या निम्म्यावर गेला की थांबा. पाच हजारांच्या आतल्या, जीपीएस नसलेल्या ड्रोनवर पंखे आणि बॅटरी यापलीकडे खर्च करू नका. तो वाऱ्यात डोलणारच, ती त्याची घडणच आहे. बॅटरी फुगली असेल तर मात्र बाकी काही तपासण्याआधी ती बाजूला काढा.

दुकानदार दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक फिरवा. वस्तूची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर जिल्हा ग्राहक आयोगात तक्रारीला शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची आहे आणि आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. लग्नाचे चित्रीकरण करून स्वतःचे पोट भरणाऱ्यालाही ‘व्यावसायिक वापर’ म्हणून बाहेर काढता येत नाही, कारण स्वयंरोजगारासाठी घेतलेली वस्तू कायद्याने ग्राहकाचीच मानली आहे. त्यासाठी हातात बिल मात्र हवे.