आपल्या शहराचा उच्चांक आणि नीचांक

(बी. ए. द्वितीय वर्ष, भूगोल)

मे महिना लागला की वर्तमानपत्रात रोज एक आकडा छापून येतो आणि चहाच्या टपरीपासून प्राध्यापक-कक्षापर्यंत त्याचीच चर्चा चालते. "आज बेचाळीस!" असे सांगणाऱ्याच्या स्वरात तक्रार असते, तसा थोडा अभिमानही असतो. हा आकडा कोठून येतो, तो काय सांगतो आणि काय सांगत नाही, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

छत्रपती संभाजीनगरच्या, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादच्या, जुन्या नोंदींत दोन तारखा महत्त्वाच्या आहेत. २५ मे १९०५ रोजी येथे सुमारे ४६ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. २ फेब्रुवारी १९११ रोजी पारा सुमारे २ अंशांपर्यंत उतरला. त्या वेळी हे शहर निजामाच्या राज्यात होते आणि तापमान फॅरनहाइटमध्ये मोजले जाई. आज आपली वेधशाळा चिकलठाण्याच्या विमानतळावर आहे. १९०५ साली तेथे विमानतळ असण्याचा प्रश्नच नव्हता. जागा बदलली की आकडाही थोडा बदलतो, म्हणून जुन्या-नव्या आकड्यांची तुलना जपूनच केली पाहिजे.

उच्चांक आणि नीचांक यांत ४४ अंशांचे अंतर पडले. हे मोठे की लहान, ते दुसऱ्या शहराशी ताडून पाहिल्याशिवाय कळत नाही. अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातील शिकागो घ्या. तेथील अधिकृत उच्चांक २४ जुलै १९३४ चा, सुमारे ४०.६ अंश. आपल्याकडे एवढ्या तापमानाला लोक 'आज जरा बरे आहे' म्हणतील! पण नीचांक पाहा. २० जानेवारी १९८५ रोजी तेथे पारा शून्याखाली जवळजवळ ३३ अंश गेला. अंतर झाले ७३ अंशांचे. आपण दोघेही समुद्रापासून दूर, मग हा फरक का? शिकागो बरेच उत्तरेला आहे हे एक कारण. दुसरे कारण नकाशा उघडला की दिसते. उत्तर अमेरिकेत पूर्व-पश्चिम आडवा असा मोठा पर्वत नाही, त्यामुळे ध्रुवाकडची थंड हवा मैदानावरून सरळ खाली येते. आपल्या डोक्यावर मात्र हिमालय आडवा आहे. सैबेरियाची हवा तेथेच अडते. आपल्याला जी थंडीची लाट मिळते ती बहुधा पश्चिमी झंझावात उत्तर भारतावरून गेल्यानंतर तिकडून येणाऱ्या कोरड्या वाऱ्यांची असते.

आता मापनाकडे वळू. वेधशाळेतील तापमापी उन्हात ठेवत नाहीत. ती पांढऱ्या रंगाच्या, झडपांच्या लाकडी पेटीत असते. पेटी जमिनीपासून सुमारे चार फूट उंच असते आणि तिचे दार उत्तरेला उघडते, म्हणजे ऊन आत शिरत नाही. ही पेटी स्टीव्हन्सन नावाच्या दीपगृहे बांधणाऱ्या अभियंत्याने केली. 'ट्रेझर आयलंड' लिहिणारा स्टीव्हन्सन हा त्याचाच मुलगा. (इंग्रजी विभागाच्या मित्रांनी नोंद घ्यावी.) आत दोन तापमाप्या असतात. कमाल तापमापीत पारा असतो आणि तिची नळी एका जागी आवळलेली असते. डॉक्टरांच्या तापमापीप्रमाणे पारा वर चढतो, पण झटकल्याशिवाय खाली येत नाही. किमान तापमापीत मद्यार्क असतो व त्यात एक बारीक काचेची काडी असते. मद्यार्क आकसताना काडीला मागे ओढत नेतो आणि पुन्हा पसरताना तिला तेथेच सोडून पुढे जातो. सकाळी साडेआठला निरीक्षक येऊन पाहतो तेव्हा पहाटेचा नीचांक तेथे थांबलेला असतो.

हे सारे मी घरी समजावून सांगत होतो. माझे वडील गवंडीकामावर बिगारी आहेत. आईने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, "म्हणजे ते सावलीतलं ऊन मोजत्यात व्हय!" मला वाटते, या विषयावरची याहून नेमकी व्याख्या आमच्या पाठ्यपुस्तकात नाही. वर्तमानपत्रातील ४२ अंश हे चार फुटांवरच्या, वारा खेळत असलेल्या सावलीतील हवेचे तापमान होय. त्याच दुपारी उघडी काळी जमीन साठ अंशांच्या वर तापू शकते. स्लॅबच्या सळया हाताला फडके गुंडाळल्याशिवाय उचलता येत नाहीत. पेटी खोटे बोलते असे नव्हे. सर्व जगाचे आकडे एकमेकांशी ताडता यावेत म्हणून सर्वांनी सावलीच मोजायची, असा तो नियम आहे.

थंडीतही हीच गोष्ट उलट बाजूने घडते. निरभ्र रात्री जमीन उष्णता झपाट्याने सोडते आणि जमिनीलगतची हवा पेटीतील हवेपेक्षा अधिक गार होते. म्हणून पेटीत शून्याच्या वर तापमान असतानाही महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दव गोठते. निफाडकडचे द्राक्षबागाईतदार थंडीच्या लाटेत रात्री बागेत शेकोट्या पेटवतात त्या यासाठीच.

उच्चांक मोडला म्हणजेच धोका, ही समजूतही तपासून घ्यावी लागते. जुलै १९९५ मध्ये शिकागोत उष्णतेच्या लाटेने सातशेहून अधिक माणसे दगावली. तेव्हा तेथील पारा ४१ अंशांच्या आसपास होता. पण हवा दमट होती, रात्रीही गारवा मिळाला नाही, आणि मेलेल्यांत वरच्या मजल्यांवर एकटे राहणारे वृद्ध पुष्कळ होते. आपल्याकडे १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मैदानावर भर उन्हात बसलेल्यांपैकी चौदा जणांचा बळी गेला. त्या दिवशी परिसरातील तापमान ३८ अंशांच्या आसपास होते. हवामान खात्याच्या मैदानी प्रदेशासाठीच्या निकषात उष्णतेची लाट म्हणायला निदान ४० अंश लागतात!

मराठवाड्याची हवा कोरडी, म्हणून दुपार कितीही तापली तरी पहाट निवते. मे महिन्यात सरासरी कमाल तापमान चाळिसाच्या घरात, तर किमान पंचविसाच्या आसपास असते. ही दैनिक तापमानकक्षा हेच आपले खरे संरक्षण होय. आजोबांचे गावचे घर माळवदाचे होते. हात-दीड हात जाडीच्या मातीच्या भिंतीतून दुपारचे ऊन आत पोचेपर्यंत रात्र व्हायची, आणि तोवर माणसे वर माळवदावर झोपायला गेलेली असायची. शहरात आम्ही पत्र्याच्या खोलीत राहतो. पत्रा तापतो लगेच, निवतोही लगेच, पण खाली बिनखिडकीची सिमेंटची भिंत असली की ती उष्णता धरून ठेवते. वर झोपायला जागा नाही. गेल्या उन्हाळ्यात मी खोलीत एक साधी भिंतीवरची तापमापी टांगली होती. रात्री दहा वाजता आतला पारा दाराबाहेरच्यापेक्षा रोज वरच असे.

एका खोलीवरून काही सिद्ध होत नाही, हे सरांनी सांगितले व ते पटले. म्हणून एक सूचना करतो. आपल्या वर्गात पत्र्याच्या, स्लॅबच्या व मातीच्या अशा तिन्ही प्रकारच्या घरांतून येणारी मुले-मुली आहेत. प्रत्येक प्रकारच्या चार-चार घरांत १ एप्रिलपासून ३१ मेपर्यंत रोज रात्री दहा वाजता व पहाटे पाच वाजता तापमान टिपावे आणि चिकलठाण्याच्या किमान तापमानाशेजारी लिहावे. तापमापी महाग नाही. आमच्या घरची वही मी आखून ठेवली आहे. ज्यांना यात सामील व्हायचे असेल त्यांनी भूगोल विभागात नाव द्यावे.