माउसची वायर पुरत नाही? केबल घेण्याआधी टोक बघा



गटाच्या किंवा ग्रामसंघाच्या खोलीत संगणक असला, तरी तो बहुतेक वेळा नवा नसतो. कुणीतरी वापरून दिलेला असतो. चालतो चांगला, पण सीपीयूची पेटी कोपऱ्यात, जिथे विजेचा बोर्ड आहे तिथे ठेवलेली असते आणि माउसची वायर जेमतेम टेबलाच्या कडेपर्यंत येते. मग खुर्चीवर बसलेली एकच ताई माउस धरते आणि बाकीच्या नऊ जणी तिच्या खांद्यावरून बघतात. प्रशिक्षण दहा जणींचं, हात मात्र एकीचाच चालतो. पुढे हिशेब संगणकावर बघायची वेळ आली की "तिलाच येतं, तिलाच विचारा" असं सुरू होतं. गटाची वही एकीच्याच हातात ठेवायची नाही, हे आपण पहिल्या वर्षीच शिकतो. संगणकालाही तोच नियम लावायचा आहे.

माउस सगळ्यांच्या हातात पोहोचवायला एक लांब वायर, म्हणजे एक्स्टेंशन केबल, पुरते. पण जुन्या माउसची टोकं चार-पाच प्रकारची असतात आणि चुकीची केबल घेतली तर गटाचे पैसे जातात. म्हणून या अंकातला धडा त्यावर.

१. आधी विचार करा : केबल लागतेच का?

सीपीयूची पेटी टेबलाजवळ सरकवता येते का ते बघा. फुकटात काम झालं तर सगळ्यात बरं. पेटी सरकवताना तीन पिनांचा प्लग अर्थिंग असलेल्या बोर्डातच लावा.

दुसरं, पेटीच्या मागे किंवा पुढे चपटी यूएसबीची भोकं आहेत का ते बघा. असतील तर लांब वायरचा नवा यूएसबी माउस किती रुपयांना येतो तेही विचारा. जुन्या माउसच्या केबलपेक्षा तो परवडत असेल तर तोच घ्या. यूएसबी नसेल किंवा जुना माउस छान चालत असेल, तर मग केबल.

२. टोक ओळखा

ठिबकचं काम केलेल्या बहिणींना हे लगेच कळेल. १६ मिलिमीटरच्या नळीला १२ मिलिमीटरचा जोड बसत नाही. दुकानात "ठिबकचा जोड द्या" एवढं सांगून भागत नाही, माप सांगावं लागतं. तसंच "माउसची केबल द्या" एवढं पुरत नाही. माउस काढून त्याचं टोक हातात घ्या आणि पिना मोजा.

गोल, बारीक, ६ पिना : याला पीएस-टू म्हणतात. आयबीएम कंपनीने १९८७ साली 'पीएस-टू' नावाचे संगणक काढले, तिथून हे नाव आलं. पुढे रंग ठरले : माउसला हिरवा, कीबोर्डला जांभळा. केबल दोघांनाही एकच चालते, रंग फक्त ओळखीसाठी. ६ पैकी ४ पिनाच कामाच्या असतात. एकीतून ५ व्होल्ट वीज जाते, दुसरी परतीची, आणि उरलेल्या दोघींतून माउस काय म्हणतो ते संगणकाला कळतं. सावध राहा : टीव्ही-व्हिडिओची एक गोल केबल दिसायला अशीच असते, पण तिला ४ पिना असतात.

रुंद, दोन बाजूंना स्क्रू, ९ भोकं : हा सिरियल माउस, पीएस-टूच्याही आधीपासूनचा. भोकं दोन ओळींत असतात, ५ आणि ४. सीपीयूच्या बाजूला पिना असतात.

रुंद, १५ पिना, दोनच ओळी : ही जॉयस्टिक, म्हणजे मुलांच्या खेळाची दांडी. आयबीएमच्या १९८१ च्या पहिल्या पीसीपासून हे टोक आहे. जुन्या संगणकासोबत खोक्यात ती बऱ्याचदा येते. पिना ८ आणि ७ अशा दोन ओळींत असतात. मॉनिटरच्या केबललाही १५ पिना असतात, पण त्या तीन ओळींत, ५-५-५. नुसतं "पंधरा पिनांची द्या" म्हटलं तर मॉनिटरचीच केबल हातात येईल. म्हणून ओळी सांगा.

चपटं, आयताकृती : हे यूएसबी. १९९६ साली आलं आणि हळूहळू बाकीची टोकं मागे पडली.

३. बसलं म्हणजे जुळलं असं नाही

या धड्यातली मुख्य गोष्ट हीच. भोकात टोक बसलं तरी आतली तार योग्य पिनेला जोडलेली असेलच असं नाही. चार जागा लक्षात ठेवा.

पहिली जागा, सिरियल माउस. दोन संगणक एकमेकांना जोडायची एक केबल मिळते. तिचीही टोकं ९ पिनांचीच, पण आत तारा उलटसुलट केलेल्या असतात. ती माउसला चालत नाही. काही स्वस्त केबलींत तर तीनच तारा असतात. सिरियल माउसला वेगळी वीज नसते, तो याच पिनांतून वीज घेतो. तारा कमी असल्या की तो मुकाच राहतो. म्हणून "नऊच्या नऊ तारा सरळ" अशीच मागा. सरळ म्हणजे १ नंबरची पिन १ ला, २ नंबरची २ ला.

दुसरी जागा, जुन्या टीव्ही-गेमच्या जॉयस्टिक. त्यांचं टोक सिरियल माउससारखंच ९ भोकांचं असतं. ते संगणकात जातं, पण दोघांची भाषा वेगळी. ते जोडूच नका.

तिसरी जागा, १५ पिनांची जॉयस्टिक. दोन जॉयस्टिक एकत्र लावायच्या असतील तर सगळ्या तारा लागतात. काही केबलींत अर्ध्याच असतात, मग दुसरी जॉयस्टिक चालत नाही.

चौथी जागा, यूएसबी माउसचा छोटा हिरवा जोड. तो लावला की यूएसबी टोक गोल भोकात बसतं. पण जे माउस दोन्ही पद्धतींसाठी बनवलेले आहेत, त्यांच्यावरच तो चालतो. बाकीच्या माउसवर जोड बसेल, बाण मात्र हलणार नाही.

४. मेल-फिमेल

दुकानात पिना असलेल्या टोकाला 'मेल' आणि भोकं असलेल्या टोकाला 'फिमेल' म्हणतात. शब्द ऐकून हसू येतं, पण लाजू नका, बिनधास्त वापरा. एक्स्टेंशन केबलचं एक टोक मेल आणि दुसरं फिमेल पाहिजे. नियम सोपा आहे : केबलचं एक टोक अगदी तुमच्या माउसच्या टोकासारखं आणि दुसरं अगदी सीपीयूच्या भोकासारखं. दोन्ही टोकं सारखी असतील तर ती आपली केबल नाही. दोन्ही बाजूंनी मेल असलेली यूएसबी केबल तर मुळीच घेऊ नका. ती दोन चालू यंत्रांमध्ये लावली तर वीज उलटी जाऊन नुकसान होऊ शकतं.

५. लांबी किती?

ठिबकची नळी जितकी लांब, तितका शेवटच्या झाडाला दाब कमी. वायरीतही असंच होतं. माउसची स्वतःची वायर साधारण दीड मीटरची असते. यूएसबी माउससाठी मूळ वायर धरून ३ मीटरच्या पुढे जाऊ नका. म्हणजे दीड मीटरची केबल पुरे. पीएस-टूलाही दीड-दोन मीटरची घ्या. त्याहून लांब पाहिजे तर यूएसबी हब लागतो. केबलीला केबल, तिला आणखी केबल, असं जोडत जाऊ नका. लांबी दुकानात अंदाजाने सांगू नका. घरच्या सुतळीने पेटीपासून टेबलाच्या पलीकडच्या टोकापर्यंत मोजा आणि सुतळीच सोबत न्या.

६. दुकानात जाताना

धरणगावात मिळाली नाही तर जळगावला गोलाणी मार्केटमध्ये संगणकाची दुकानं आहेत. एकटी नको, दोघी जा. सोबत जुना माउस, मोजलेली सुतळी आणि सीपीयूच्या मागच्या बाजूचा मोबाइलवर काढलेला फोटो न्या.

दुकानदार भाऊ म्हणेल, "व्हई जाई, ताई." नुसत्या 'व्हई जाई'वर पैसे देऊ नका. तीन गोष्टी सांगा :

"भाऊ, माउसचं टोक हे असं आहे, त्यालाच लागणारी द्या."
"तारा सगळ्या आणि सरळ पाहिजेत."
"नाही चालली तर परत घ्याल का, ते बिलावर लिहून द्या."

दुकानात जुना संगणक असेल तर तिथेच माउस लावून बघा. नसेल तर मल्टीमीटर मागा. गावातल्या मोटार दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीकडेही तो असतो. एका टोकाची १ नंबरची पिन दुसऱ्या टोकाच्या १ नंबरलाच वाजली पाहिजे, दुसऱ्या कुठल्याही पिनेला नाही. दोन दुकानांचे भाव विचारा, पक्कं बिल घ्या आणि खर्च त्याच बैठकीत वहीत लिहा.

७. जोडताना

पीएस-टू, सिरियल आणि जॉयस्टिक जोडायच्या आधी संगणक पूर्ण बंद करा. चालू संगणकात गोल टोक काढलं-घातलं तर माउस पुन्हा सुरू होत नाही आणि जुन्या मशीनचा आतला फ्यूज जाऊ शकतो. यूएसबीला ही अडचण नाही. गोल टोकावरचा बाण किंवा सपाट बाजू बघून सरळ ढकला, फिरवू नका. पिना वाकल्या की माउस गेलाच समजा. रुंद टोकाचे दोन्ही स्क्रू हाताने आवळा. जॉयस्टिक जोडल्यावर कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन ती एकदा जुळवून घ्या, नाहीतर खेळातली गाडी एकीकडेच ओढते.

शेवटचं, केबल चालण्याच्या वाटेत सोडू नका. टेबलाच्या पायाला सुतळीने बांधा, म्हणजे कुणाचा पाय अडकणार नाही आणि पिनांवर ताण येणार नाही.

पुढच्या बैठकीत करून बघा

१. प्रत्येकीने माउसचं टोक हातात घेऊन पिना मोजा आणि नाव सांगा.
२. १५ पिना दोन ओळींत कशाच्या आणि तीन ओळींत कशाच्या, ते एकमेकींना विचारा.
३. पेटी ते टेबल सुतळीने मोजा. मोजणारी ताई दर वेळी वेगळी असू द्या.
४. केबल आणायला कोण दोघी जाणार, ते ठरावात लिहा. आजवर दुकानात न गेलेली एक तरी त्यांत असावी.
५. केबल आल्यावर प्रत्येकीने पाच मिनिटं माउस धरायचा. गटाच्या हिशेबाची फाइल उघडायची, आपलं नाव शोधायचं, आपली बचत वाचायची आणि फाइल बंद करायची. शेजारणीने फक्त तोंडाने सांगायचं, माउसला हात लावायचा नाही.

पाचवा मुद्दा जमला, तर केबलचे पैसे वसूल झाले असं समजा.