इतर हक्कांचा रकाना

खालापूर-कर्जत पट्ट्यात दोन गुंठे घ्यायचे म्हटले तरी माणूस आधी सातबारा काढतो. भोगवटादार वर्ग १ की वर्ग २, कुळाचे नाव लागले आहे का, जमीन मूळ आदिवासी खातेदाराची तर नाही ना, इतर हक्कांच्या रकान्यात सोसायटीचा बोजा दिसतो का, शेवटचा फेरफार कधीचा, वाट कोणाच्या बांधावरून जाते, हे सगळे तो तलाठी कार्यालयात तीन-चार खेपा घालून तपासतो. मग वकील, मग मोजणी, मग इसार. तोच माणूस आठ लाखांचे शेअर घ्यायचा निर्णय मात्र खोपोलीहून निघालेली लोकल कर्जतला पोचायच्या आत करून टाकतो. या विसंगतीबद्दल मला लिहायचे आहे, आणि त्यातही एका ठरावीक जातीच्या शेअरबद्दल: बाजारात नोंदलेली, सॉफ्टवेअर आणि संगणक-सल्ल्याची कामे करणारी छोटी कंपनी, जी 'बाजाराला अजून कळलेलीच नाही' असे चारचौघांत सांगितले जाते. अशा शेअरांत मी पैसे घातले आणि घालवलेही. ती कहाणी ऐकून कोणाचे भले होणार नाही. हात पोळल्यावर जे नीट वाचायला शिकलो, तेवढेच इथे मांडतो.

आपल्याकडची मूल्याची समज जमिनीवर पोसलेली आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाला जमिनी गेल्या, मग प्लॉटिंगला आणि फार्महाऊसला गेल्या. थांबणाऱ्याला भाव मिळतो हे इथल्या दोन पिढ्यांनी डोळ्यांनी पाहिले. शेअरलाही आपण तीच फूटपट्टी लावतो. शेअरमागे मालमत्ता सत्तर रुपयांची आणि भाव चाळीस, म्हणजे सत्तरची जमीन चाळीसला मिळते आहे, घेऊन ठेवा. पण जमीन खरीच असली तरी हा हिशेब किती फसवा असतो, याचे उदाहरण याच पट्ट्यात आहे. रसायनीच्या हिंदुस्तान ऑरगॅनिक केमिकल्स या सरकारी कंपनीबाबत मे २०१७ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने निर्णय घेतला: तिथले न परवडणारे विभाग बंद, रॉकेटच्या इंजिनांना लागणाऱ्या नायट्रोजन टेट्रॉक्साइडचा कारखाना इस्रोकडे, आणि ४४२ एकर जमीन भारत पेट्रोलियमला. जमीन खोटी नव्हती, ती रस्त्यावरून दिसत होती आणि तिला गिऱ्हाईकही मिळाले. तरी त्या विक्रीचा पैसा ठरला तो देणी भागवण्यासाठी. भागधारक रांगेत शेवटचा असतो, तो तिथेही शेवटचाच होता. सल्लागार कंपनीकडे तर ४४२ एकरही नसतात. भाड्याची जागा, शे-दीडशे लॅपटॉप, आणि तीन महिन्यांची नोटीस देऊन दुसरीकडे जाऊ शकणारे अभियंते. मग ताळेबंदात कोट्यवधींची मालमत्ता दिसते ती कशाची? बहुधा तीन गोष्टींची: बँकेतली रोकड, गिऱ्हाइकांकडून यायची येणी, आणि 'विकसित होत असलेले सॉफ्टवेअर' नावाची एक धूसर चीज. स्वस्ताईचा सगळा डोलारा या तीन आकड्यांवर उभा असतो, आणि माझे म्हणणे एवढेच आहे की ते खरे आहेत का आणि त्यातला पैसा आपल्या हातात येण्याची काही वाट आहे का, हे कळल्याशिवाय 'स्वस्त' हा शब्द तोंडातून काढू नये.

एक कल्पित कंपनी समोर ठेवू. वर्षाची विक्री ६० कोटी, निव्वळ नफा ६ कोटी, एकूण शेअर ७५ लाख, भाव ४० रुपये. म्हणजे अख्ख्या कंपनीची बाजारातली किंमत ३० कोटी, नफ्याच्या अवघी पाचपट. ताळेबंदात रोकड १८ कोटी, येणी २८ कोटी, विकसित होणारे सॉफ्टवेअर ९ कोटी. इकडचे-तिकडचे वजा जाता ५२ कोटी, शेअरमागे ६९ रुपये. चर्चेत हेच आकडे फिरतात आणि ऐकणाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटते. आता वार्षिक अहवालाची मागची पाने उघडा. १८ कोटींच्या रोकडीवर वर्षभरात व्याज किती मिळाले? नफातोट्याच्या टिपेत २२ लाख लिहिले आहेत, म्हणजे सव्वा टक्काही नाही. साध्या मुदत ठेवीत सहा टक्क्यांनी एक कोटी आठ लाख मिळाले असते. मग एक तर कंपनीचा वित्त विभाग कमालीचा आळशी आहे, नाहीतर तो पैसा ३१ मार्चला पाहुणा म्हणून आला आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात परत गेला. तिसरी शक्यता बोलायलाही नको वाटते. येणी २८ कोटी म्हणजे सुमारे १७० दिवसांची विक्री अजून वसूल व्हायची आहे. दोन-तीन महिन्यांत बिल चुकते करणारी गिऱ्हाइके साडेपाच महिने का थांबली, हा प्रश्न कोणीतरी विचारायला हवा. आणि ते ९ कोटींचे सॉफ्टवेअर? अभियंत्यांचे पगार खर्चात न घालता मालमत्तेत घातले की असा आकडा तयार होतो. यंदा त्यात ३ कोटींची भर पडली असेल, तर ६ कोटींच्या नफ्यातला निम्मा नफा केवळ नोंदीच्या जागेतून आलेला आहे. पाच वर्षांचा नफा २४ कोटी आणि त्याच पाच वर्षांत कामकाजातून हातात आलेली रोख ७ कोटी असे चित्र असेल, तर मी पुढचे पान उलटत नाही. ताळेबंदाचा इतर हक्कांचा रकाना तो हाच. संभाव्य देणी, उपकंपन्यांना दिलेली कर्जे, प्रवर्तकाच्या दुसऱ्या कंपनीसाठी दिलेली हमी, तारण ठेवलेले शेअर, सगळे बारीक टायपात मागे असते. बोजा असलेली जमीन घेणाऱ्याला आपण येडा म्हणतो. इथे बोजा वाचण्याचीही तसदी घेत नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: हिशेब तपासनीसाची सही असते की. असते. ७ जानेवारी २००९ ला सत्यम कॉम्प्युटर्स या सॉफ्टवेअर कंपनीचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी संचालक मंडळाला पत्र लिहून कबूल केले की ताळेबंदातली ५,०४० कोटी रुपयांची रोकड आणि बँकशिल्लक अस्तित्वातच नाही. सप्टेंबर २००८ च्या तिमाहीत कामकाजी नफा २४ टक्के दाखवला होता, खरा होता ३ टक्के. त्या ताळेबंदावर जगातल्या बड्या तपासनीस जाळ्यातल्या संस्थेची सही होती आणि काही महिन्यांपूर्वीच कंपनीला सुशासनाचा पुरस्कार मिळाला होता. शेअर त्या एका दिवसात १७९ रुपयांच्या आसपासून ४० पर्यंत आला. देशातली चौथ्या क्रमांकाची सॉफ्टवेअर कंपनी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, न्यूयॉर्कमध्ये नोंदलेल्या कंपनीत हे घडू शकते, तर ३० कोटींच्या कंपनीत, जिच्याकडे कोणाही मोठ्या संस्थेचे लक्ष नाही, तिथे सहीचा आधार किती? प्रामाणिकपणे सांगायचे तर माझ्या व्याजाच्या चाचणीनेही सत्यम पकडली गेली असती असे नाही, कारण त्यांनी ३७६ कोटींचे जमा झालेले व्याजही खोटेच दाखवले होते. ठरवून खोटे बोलणाऱ्यापुढे कागद वाचणारा हरतो. म्हणून कागद वाचणे ही पहिली पायरी झाली. दुसरी पायरी म्हणजे खिशात येणारा लाभांश, कारण खोट्या नफ्यातून वर्षानुवर्षे खरा लाभांश देत राहणे छोट्या कंपनीला झेपत नाही. आणि तिसरी पायरी, एका शेअरमध्ये आपली रक्कम इतकीच ठेवायची की ती उद्या शून्य झाली तरी घरातले कोणतेही काम अडू नये. मुलीची फी, आईचे ऑपरेशन, जमिनीच्या मोबदल्याचे पैसे यांतले काहीही तिथे जाता कामा नये.

दुसरा आक्षेप जास्त जड आहे, कारण त्यात तथ्य आहे. इन्फोसिस १९८१ ला पुण्यात नोंदली गेली, १९९३ ला ९५ रुपयांनी शेअर विकायला काढले तेव्हा तो इश्यू पुरता भरलाही नव्हता. विप्रोचा जन्म १९४५ ला अमळनेरचा, वनस्पती तुपाच्या धंद्यातला. तिथे पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या शेअरांनी घरे उभी राहिली. पुण्याची पर्सिस्टंट २०१० ला ३१० रुपयांनी बाजारात आली आणि पुढे तिचा भाव अनेक पटींनी वाढला. मग आजची छोटी कंपनी उद्याची इन्फोसिस का होणार नाही? होईलही एखादी. पण या यादीत मुंबईची सिल्व्हरलाइन टेक्नॉलॉजीज कोणी घेत नाही. २००० साली तीही न्यूयॉर्कच्या बाजारात पोचली होती, शेअर दलाल केतन पारेखच्या लाडक्या शेअरांत तिचे नाव होते, आणि २००१ च्या पडझडीनंतर ती पुन्हा कधी सावरली नाही. डीएसक्यू सॉफ्टवेअरची गत तीच. अमळनेरची गोष्ट सांगायला शेअर जपलेली माणसे आहेत. सिल्व्हरलाइनचे कागद ज्यांच्या ट्रंकेत आहेत ते गप्प बसतात. ऐकू येणाऱ्या गोष्टी मोजून संभाव्यता काढली की ती नेहमी गोडच निघते. शिवाय इन्फोसिस आणि विप्रो यांचे भाग्य पुस्तकी मूल्याच्या निम्म्या भावात मिळाल्यामुळे फळले नाही. धंदा वाढला, वसुली झाली, बोनस आणि लाभांश भागधारकापर्यंत आले. त्यांचे नाव घेऊन वाढ खुंटलेली कंपनी गळ्यात मारणे म्हणजे शेजाऱ्याच्या आंब्याचा मोहोर दाखवून स्वतःचा निवडुंग विकणे.

तिसरा आक्षेप मी पूर्ण मान्य करतो: छोट्या शेअरांकडे म्युच्युअल फंड आणि दलालांचे विश्लेषक वळत नाहीत, त्यामुळे तिथे चुकीचे भाव खरोखरच असतात. गोदरेज समूहातून निघालेली जिओमेट्रिक घ्या. एप्रिल २०१६ मध्ये एचसीएल टेक्नॉलॉजीजने ती घ्यायचे जाहीर केले, दर ४३ शेअरांमागे एचसीएलचे १० शेअर असे ठरले. भागधारकाला सोडवणूक मिळाली, आणि तीही एका मोठ्या, रोज विकता येणाऱ्या शेअरच्या रूपात. पण नीट पाहिले तर ही सोडवणूक बाजाराच्या शहाणपणाने आली नाही, प्रवर्तकांच्या निर्णयाने आली. छोट्या कंपनीत मूल्याची चावी प्रवर्तकाच्या खिशात असते. तो लाभांश देतो का, शेअर परत विकत घेतो का, स्वतःचा पगार नफ्याच्या किती पट ठेवतो, बायको-मुलांच्या कंपन्यांशी किती व्यवहार करतो, त्याला वारस आहे की विकायची तयारी आहे, हे प्रश्न ताळेबंदाइतकेच महत्त्वाचे आहेत. ज्याला वाटून द्यायचे नाही त्याच्याकडची १८ कोटींची रोकड तुमच्यासाठी सामाईक विहिरीतल्या पाण्यासारखी आहे: सातबाऱ्यावर तुमचा हिस्सा लिहिलेला, मोटरची किल्ली मात्र थोरल्या भावाकडे. आणि वैतागून बाहेर पडायचे म्हटले तर? आपल्या कल्पित कंपनीचे दिवसाला पंधराशे शेअर विकले जात असतील आणि तुमच्याकडे वीस हजार असतील, तर बाजारातला एकमेव विकणारा तुम्ही आहात असे धरले तरी चौदा दिवस लागतील. वाईट निकाल आला की शेअर रोज खालच्या सर्किटला, म्हणजे दिवसाच्या घसरणीच्या मर्यादेला, बंद होतो आणि घेणाऱ्यांचा रकाना कोरा दिसतो. तेव्हा ४० रुपये हा भाव उरत नाही, नुसती आठवण राहते.

आता चर्चेकडे वळतो, कारण बहुतेक नुकसान तिथे शिजते. 'आम्ही टिपवर घेत नाही, आम्ही महिनोन्‌महिने अभ्यास करतो, एकमेकांना आकडे दाखवतो' असे सांगणारे गट प्रामाणिक असतात, हे मला ठाऊक आहे. अडचण अप्रामाणिकपणाची नाहीच. चर्चेला बसलेल्या सगळ्यांनी शेअर आधीच घेतलेला असतो. मग नवे गिऱ्हाईक मिळाले की 'पाहा', आणि येणी वाढली की 'वाढत्या धंद्याचे लक्षण' असा अर्थ लागतो. एकाच मताची दहा माणसे दहा पुरावे वाटू लागतात. शंका काढणारा 'स्वस्तात घ्यायला टपलेला' ठरतो. जमिनीच्या व्यवहारात निदान विकणारा आणि घेणारा समोरासमोर असतात, घासाघीस होते. इथे सगळे एकाच बाजूला बसलेले. म्हणून अशा बैठकीत शेअर नसलेला एक तरी माणूस असावा, शक्यतो उधारीची वसुली करून केस पिकलेला, खोपोलीच्या बाजारपेठेतला एखादा होलसेल व्यापारीही चालेल. त्याला भविष्यातले तंत्रज्ञान कळणार नाही, पण १७० दिवसांची उधारी म्हणजे काय हे तो तुमच्यापेक्षा लवकर सांगेल. विकत घेण्याआधी, कोणती गोष्ट दिसली की विकायचे, हे तारखेसह वहीत लिहून ठेवावे. घेतल्यानंतर डोके वेगळे चालते. आणखी एक, गटातल्या कोणाची कंपनीच्या हिशेब खात्यात ओळख असेल आणि तो निकाल दोन दिवस आधी सांगत असेल, तर ती फुशारकीची गोष्ट नाही. सेबीच्या २०१५ च्या नियमांनुसार तो गुन्हा आहे, सांगणाऱ्याचा आणि त्यावर सौदा करणाऱ्याचाही. पैसे घेऊन शेअर सुचवणाऱ्याकडे सेबीची नोंदणी लागते, ती मागून पाहायला लाजू नये.

कोणी म्हणेल, एवढे सगळे तपासत बसले तर शेअर घेणेच होणार नाही. दहातले नऊ होणार नाहीत, बरोबर आहे. गुंठ्यांच्या बाबतीतही दहातले नऊ व्यवहार सातबारा पाहूनच सोडले जातात आणि त्याबद्दल कोणी हळहळत नाही.

एप्रिल २०२१ पासून कंपन्यांना येण्यांची वयोवारी ताळेबंदाच्या टिपांत छापावी लागते: सहा महिन्यांच्या आतली किती, वर्षाच्या आतली किती, तीन वर्षांहून जुनी किती. मार्चला वर्ष संपणाऱ्या कंपनीची वार्षिक सभा एरवी ३० सप्टेंबरच्या आत होते, बऱ्याच सभा हल्ली व्हिडिओवर असतात, आणि तिथे प्रश्न विचारायला एक शेअर पुरतो. तो एक घ्या, वयोवारीचे पान उघडून ठेवा, आणि तीन वर्षांहून जुनी येणी कोणाकडे अडकली आहेत एवढे विचारा.